रोडबाईकच्या टायरमध्ये हवा नेमकी किती भरायची?

रोडबाईकच्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. कुठे १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचं एकक), कुठे ११५, कुठे १२०. नवीन सायकल घेतलेला माणूस तो वाचतो, पंपाचा काटा तिथवर नेतो, टायर अंगठ्याने दाबून बघतो आणि दगडासारखा टणक लागला की निश्चिंत होतो. पण तो आकडा ही मर्यादा आहे. याच्या पुढे गेलात तर टायर रिमवर टिकेल याची हमी नाही, एवढाच त्याचा अर्थ. चालवायला किती दाब योग्य, हे टायर बनवणाऱ्याला सांगताच येणार नाही, कारण स्वार ५२ किलोचा आहे की ९५ किलोचा, रिम किती रुंद आहे आणि रस्ता गुळगुळीत आहे की खडबडीत, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं.

आधी वजन पेलतं कोण ते पाहू. टायरचं रबर आणि कापड थोडा भार घेतं, पण बाकी सगळा भार आतली हवा उचलते. हिशोब सोपा आहे: चाकावरचं वजन भागिले दाब, म्हणजे जमिनीला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ. मागच्या चाकावर ४७ किलो असतील आणि दाब ७६ पीएसआय, म्हणजे साधारण ५.३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असेल, तर टायर जेमतेम ९ चौरस सेंटीमीटर टेकतो. हाच दाब ११० वर नेला की तो ठसा ६ चौरस सेंटीमीटरवर येतो. उतारावरचं वळण घेताना, ब्रेक दाबताना, ओल्या पट्ट्यावरून जाताना तुमच्या हातात एवढीच जागा असते.

आता अंगठ्याबद्दल. टायर दाबून पाहताना आपल्याला हवेचा दाब कळत नाही, कळतो तो टायरच्या कापडाचा ताण. हा ताण दाब आणि टायरची जाडी (म्हणजे फुगलेल्या टायरची रुंदी) या दोहोंच्या गुणाकाराने वाढतो. त्यामुळे २३ मिमीचा टायर १०० पीएसआयला जितका टणक लागतो, तितकाच २८ मिमीचा टायर ८२ ला लागतो आणि ३२ मिमीचा ७२ ला. अरुंद टायरवरून रुंद टायरवर आलेला माणूस जुन्या सवयीने १०० भरतो, तेव्हा प्रत्यक्षात तो आधीपेक्षा खूप कडक टायर चालवत असतो. मग ‘२८ घेऊनही आराम वाटत नाही’ अशी तक्रार येते. दोष टायरचा नसतो, हवेचा असतो. अंगठा पंक्चर झालंय का एवढंच सांगू शकतो. त्याच्यावर याहून जास्त भार टाकू नका.

जास्त हवा म्हणजे जास्त वेग, ही समजूत आली कुठून? टायरची चाचणी गुळगुळीत पोलादी ड्रमवर फिरवून होत असे. ड्रमवर टायर जितका कडक तितका कमी दबतो, आणि दबण्या-फुगण्यात रबर व कापड वाकून जी ऊर्जा उष्णतेत जाते ती कमी होते. म्हणून ड्रमवर दाब वाढवत जा, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, कमी होत जातो. ड्रमवर हे खरंच आहे. रस्ता मात्र ड्रम नाही. डांबरातली खडी, सांधे, भेगा या प्रत्येकावर कडक टायर स्वतः दबत नाही, तर सगळी सायकल आणि स्वार वर उचलतो. स्वाराच्या मांड्या, पोट, हात हलतात आणि ती ऊर्जा शरीरात जिरते. पुढे जायला लागणाऱ्या ताकदीतूनच ती जात असते. ठरावीक दाबापर्यंत रबरातला तोटा घटत जातो, पण त्यापुढे हादऱ्यांचा तोटा झपाट्याने चढतो. या वळणबिंदूला सायकलवाले ब्रेकपॉइंट प्रेशर म्हणतात. गुळगुळीत डांबरावर तो वर असतो, खडबडीत रस्त्यावर बराच खाली.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की दोन्ही बाजूंचा उतार सारखा नाही. वळणबिंदूपेक्षा ५ पीएसआय कमी असाल तर फटका किरकोळ बसतो. ५ ने वर असाल आणि रस्ता खराब असेल तर फटका मोठा. म्हणून नक्की कळत नसेल तेव्हा मी खालच्या बाजूला चुकायला सांगतो. शिवाय कडक टायर वेगवान वाटतो तो हँडलमध्ये येणाऱ्या थरथरीमुळे. शरीर जास्त हादरे म्हणजे जास्त वेग असं समजतं. घड्याळ लावून पाहिलं तर तसं निघत नाही.

मग सुरुवातीचा आकडा कसा काढायचा? अमेरिकी तंत्रलेखक फ्रँक बर्टो यांनी पुष्कळ टायरांवर भार टाकून मोजमापं केली आणि त्यातून १५ टक्क्यांचा नियम रूढ झाला: स्वार बसल्यावर टायर आपल्या जाडीच्या साधारण १५ टक्के दबला पाहिजे. २८ मिमीचा टायर म्हणजे ४.२ मिमी. या नियमाच्या तक्त्यातून निघणारे आकडे आजही आरंभबिंदू म्हणून चांगले आहेत. उदाहरण घेऊ. स्वार ७५ किलो, सायकल ९ किलो, पाणी, बूट, हेल्मेट, अवजारांची पिशवी मिळून २ किलो. एकूण ८६. रोडबाईकवर यातला साधारण ५५ टक्के भार मागे पडतो, म्हणजे सुमारे ४७ किलो. तर मागच्या चाकाला टायर २५ मिमी असेल तर ९२ पीएसआय, २८ असेल तर ७६, ३० असेल तर ६७ आणि ३२ असेल तर ६०. टायर रुंद होत जातो तसा दाब किती पटकन खाली येतो ते पाहा. २८ मिमीवर एकूण वजन १० किलोने कमी-जास्त झालं की आकडा ९ ते १० पीएसआयने त्याच दिशेला हलवायचा. लांबच्या राइडला पिशव्या लावल्या, दोन लिटर पाणी जास्त घेतलं तर तेही धरायचं.

एकूण वजनात सायकल आणि सामान मोजायला लोक विसरतात. स्वतःचं वजनही सकाळी अनवाणी केलेलं धरतात. सगळं अंगावर घालून, सायकल हातात उचलून वजनकाट्यावर उभं राहा. एका फटक्यात खरा आकडा मिळतो.

पुढच्या चाकाचं गणित जरा वेगळं. त्याच नियमाने ४५ टक्के भाराला २८ मिमीवर ६१ पीएसआय निघतात. इथे मी नियम तंतोतंत पाळू नका म्हणेन. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, उतारावरही सरकतं, आणि नेमकं तेव्हाच खड्डा आला तर पुढची रिम आपटते. पुढचा टायर वळणात लिबलिबला तर सावरायलाही वेळ मिळत नाही. म्हणून मागच्यापेक्षा ६ ते ८ पीएसआय कमी, एवढंच अंतर ठेवावं. मागे ७६ तर पुढे ६९. दोन्ही चाकांत सारखीच हवा भरणं ही मात्र सरसकट होणारी चूक आहे. त्यात पुढचं चाक उगाच कडक होतं आणि मनगटं दुखतात.

भाराची वाटणी स्वतः मोजायची असेल तर एका चाकाखाली घरचा वजनकाटा आणि दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा. सायकल भिंतीला समांतर उभी करा, नेहमीच्या ठेवणीत बसा, हात हूडवर (ब्रेकच्या लिव्हरवरच्या रबरी मुठीवर) ठेवा आणि कोपर भिंतीला नुसतं टेकवा. दुसऱ्या कुणाला तरी काटा वाचू द्या. मग काटा आणि फळी यांची अदलाबदल. हँडल खाली असलेल्या शर्यतीच्या सायकलवर पुढचा भार वाढतो, ताठ बसायच्या सायकलवर मागचा. टायर किती दबतो तेही याच वेळी बघता येतं: रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर आधी न बसता, मग बसून मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे दबणं. मोबाइल जमिनीलगत एकाच जागी ठेवून दोन फोटो काढले आणि शेजारी पट्टी उभी केली तर मिलिमीटरपर्यंत चांगला अंदाज येतो.

वरचे सगळे आकडे टायरच्या खऱ्या रुंदीला लागू आहेत, छापलेल्या नव्हे. हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात, म्हणून थोडं सविस्तर. टायरवर २८-६२२ असं लिहिलेलं असतं. ६२२ म्हणजे रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, आणि २८ ही नाममात्र रुंदी. ती ठरावीक रुंदीच्या रिमवर धरलेली असते. रिमची आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर साधारण ०.४ मिमीने फुगतो. जुन्या रिम आतून १५ मिमी असत, आता २१ आणि २३ सर्रास दिसतात. तोच टायर १५ वरून २१ वर घातला तर सव्वादोन-अडीच मिमी रुंद होतो, म्हणजे २८ चा ३० होतो. वरच्या हिशोबात हा ७६ आणि ६७ मधला फरक आहे. तेव्हा व्हर्नियर कॅलिपर घ्या. टायर बसवून, हवा भरून एक-दोन दिवस जाऊ द्या, कारण नवीन कापड ताणलं जातं. मग तीन ठिकाणी रुंदी मोजा आणि सरासरी धरा. कॅलिपरचे जबडे टायरला नुसते टेकले पाहिजेत, आवळू नका.

रस्त्याप्रमाणे फेरफार असा: वरचे आकडे सर्वसाधारण चांगल्या डांबराचे आहेत. नवीन, काचेसारखा रस्ता असेल तर ३-४ वाढवा. खडी वर आलेला, ठिगळांचा रस्ता असेल तर ५ ते ८ कमी करा. पण इथे एक अडचण आहे. रस्ता खराब म्हणून हवा कमी केली, आणि रस्ता खराब म्हणूनच धारदार कडेचे खड्डेही आले, तर ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांमध्ये चिमटली जाते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसतात, साप चावल्यासारख्या. ही खूण दिसली की काटा शोधत बसू नका. कारण कमी हवा हेच आहे. २५ मिमीच्या टायरवर आणि जड स्वाराला या दोन टोकांमध्ये जागाच फार उरत नाही. अशा रस्त्यावर दाबाशी झटापट करण्यापेक्षा फ्रेम आणि ब्रेकमध्ये मावेल तेवढा रुंद टायर घालणं हाच इलाज आहे.

पावसात ४-५ पीएसआय कमी करावेत. ओला रस्ता निसरडा होतो, आणि मऊ टायर खडीच्या उंचसखल भागाला जास्त चिकटून बसतो. पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याची भीती मात्र अनाठायी आहे. विमानाच्या चाकांसाठी वापरतात ते सूत्र आहे: दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे तरंगण्याचा वेग नॉट्समध्ये. ८० पीएसआयला तो ८० नॉट्स येतो, ताशी जवळपास १५० किलोमीटर. म्हणूनच रोडबाईकच्या टायरला पाणी कापायच्या खोल नक्षीची गरज पडत नाही.

आता मर्यादा, आणि इथे अंदाज चालत नाही. टायरवरची कमाल मर्यादा आणि रिमवरची कमाल मर्यादा यांतली जी लहान, ती तुमची. हुकलेस रिम असेल, म्हणजे रिमच्या आतल्या कडेला टायर अडकवणारी वळलेली ओठी नसेल, तर मानकाप्रमाणे मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. ती कधीही ओलांडायची नाही, ट्यूबलेस टायरची कड ‘टक’ करून बसवतानाही नाही. टायर हुकलेससाठी चालतो असं त्याच्या उत्पादकाने स्पष्ट लिहिलेलं हवं. वरच्या उदाहरणातल्या ८६ किलोला २८ मिमीवर मागे ७६ लागत होते, म्हणजे हुकलेस रिमवर हा स्वार मोजून २८ भरणारा टायर या दाबावर चालवूच शकत नाही. त्याने ३० किंवा ३२ कडे जायला हवं. चाकं विकत घेण्याआधी हा हिशोब करा, नंतर नव्हे.

ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूब नसल्यामुळे ४-५ पीएसआय आणखी खाली जाता येतं. फार खाली गेलात तर वळणात टायरची कड क्षणभर रिमवरून सुटते आणि भसकन हवा जाते. खड्ड्यावर रिमही पोचते, तेवढ्याने ट्यूबलेस कुणाला वाचवत नाही. सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, २८ ते ३२ मिमीला दर चाकाला ३० ते ४५ मिली पुरतं आणि दोन-तीन महिन्यांत ते वाळतं. दाब जास्त असेल तर सीलंट भोकात धरण्याआधीच बाहेर उडतं, हेही हवा कमी ठेवण्याचं एक कारण.

हवा भरताना होणाऱ्या चुका बहुतेक प्रेस्टा व्हॉल्व्हच्या, म्हणजे रोडबाईकच्या बारीक, चक्रीवाल्या व्हॉल्व्हच्या असतात. वरची पितळी चक्री पूर्ण सैल करा, दांडी बोटाने एकदा हलकी दाबून ‘फिस्स’ आवाज येऊ द्या. चिकटलेली सील सुटते. पंपाचं डोकं सरळ बसवा, तिरकं नको, नाहीतर दांडी वाकते. पहिला दट्ट्या मारेपर्यंत काटा शून्यावरच राहील, कारण गेज पाइपातला दाब दाखवतो आणि व्हॉल्व्ह अजून बंद असतो. एक-दोन दट्ट्यांनंतर काटा जिथे उडी मारून थांबतो, तो टायरमधला दाब. पंप काढताना मोठा आवाज होतो ती पाइपातली हवा. टायरची हवा गेली असं समजून जास्तीचे ५ भरून ठेवायची गरज नाही.

गेजवर किती विश्वास ठेवायचा? उभ्या पंपाच्या गेजची पट्टी बरेचदा १६० किंवा २०० पीएसआयपर्यंत असते. त्याची चूक पूर्ण पट्टीच्या टक्क्यात धरतात. २०० च्या पट्टीवर २ टक्के म्हणजे ४ पीएसआय, आणि ती ७० वाचतानाही ४ च राहते. दोन पंपांत एक वर चुकणारा आणि एक खाली चुकणारा निघाला तर फरक ८ चा. म्हणून दुसऱ्याचा ‘७५’ तुमच्या पंपावरचा ७५ असेलच असं नाही. चांगला डिजिटल गेज वेगळा घेतला तर उत्तम. नाहीतर नेहमी एकच पंप वापरा. त्याचा काटा खोटं बोलत असेल तरी रोज सारखंच बोलेल, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

तापमानाचा परिणाम मोजण्यासारखा असतो. ८० पीएसआयच्या टायरमध्ये १० अंश सेल्सिअसला सुमारे ३ पीएसआय फरक पडतो. पहाटे २० अंशांत भरलेली सायकल बंद गाडीत ५० अंशांपर्यंत तापली तर जवळपास १० ने वाढ. हुकलेसवर ७० भरले असतील तर मर्यादा तिथेच ओलांडली. घाट चढून २,००० मीटरवर गेलात तर बाहेरच्या हवेचा दाब घटल्यामुळे टायर ३ पीएसआयने कडक वागतो, पण वर थंडी असते, त्यामुळे तो हिशोब बऱ्यापैकी फिटतो.

ब्युटाइल, म्हणजे नेहमीच्या काळ्या रबरी ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपते, म्हणून दर राइडआधी नाही तरी आठवड्यातून एकदा मोजायलाच हवी. लेटेक्स, म्हणजे पातळ नैसर्गिक रबराची ट्यूब रात्रभरात ठळकपणे उतरते, तिच्यात रोज हवा भरावी लागते. रस्त्यात कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरली असेल तर घरी येऊन ती पूर्ण सोडा आणि साधी हवा भरा. हा वायू ब्युटाइल रबरात विरघळतो आणि भराभर बाहेर पडतो. १६ ग्रॅमची नळकांडी २८ मिमीच्या टायरला १०० पीएसआयपर्यंत नेऊ शकते, तेव्हा हुकलेसवर ती पूर्ण रिकामी करायची नाही.

सुरुवातीचा आकडा मिळाला की बाकीचं काम रस्त्यावर. दोन-तीन किलोमीटरचा एक फेरा निवडा, ज्यात खडबडीत पट्टा, एक वळण आणि एक लहान चढ असेल. काढलेल्या आकड्यापेक्षा ६ वर सुरुवात करा, मर्यादेच्या आत. दर फेऱ्याला दोन्ही चाकांतून ३-३ पीएसआय सोडा. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. खडबडीत पट्ट्यावर हातांत बारीक थरथर आहे का? वळणात लहान उंचवट्यावर चाक बाजूला उडी मारतं का? ही दोन्ही जास्त हवेची लक्षणं. तिसरं, चढावर उभं राहून जोर लावताना मागचं चाक डावी-उजवीकडे लचकतं का, किंवा वळणात हँडल दिलेल्या दिशेला उशिरा जातं का? ही कमी हवेची. थरथर गेली आणि लचक अजून आली नाही, असा ३ ते ६ पीएसआयचा पट्टा सापडतो. लचक आली किंवा रिम टेकल्याचा एक जरी ठोका ऐकू आला, तर लगेच ४ वाढवा आणि तिथे थांबा. फेऱ्यांच्या मधे सावलीत थांबून मोजा, उन्हात तापलेल्या टायरचा आकडा फसवतो.

मिळालेला आकडा लिहून ठेवताना टायरची मोजलेली रुंदी, त्या वेळचं एकूण वजन, सकाळचं तापमान आणि कोणत्या पंपावर वाचला हेही शेजारी लिहा. टायर किंवा रिम बदलली तर तो आकडा बाद. कॅलिपर पुन्हा लावा आणि पहिल्यापासून काढा.